नकाशा आणि अंदाजपत्रक एका टेबलावर आण

प्रिय नव्या मुख्याधिकारी,

अभिनंदन करून झालं, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. शहराचा पाच वर्षांचा एकात्मिक आराखडा करायचा आहे, सल्लागार संस्था नेमू का, असं तू विचारलंस. नेमायची असेल तर नंतर नेम. आधी रेकॉर्ड रूमची किल्ली माग.

तिथे आराखडेच आराखडे सापडतील. २००५ च्या डिसेंबरात जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहरांसाठीची योजना सुरू झाली आणि शहर विकास आराखड्यांचं पेव फुटलं. पुढे जी योजना आली तिने आपापला कागद मागितला. घनकचऱ्याचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, वेगळा, भुयारी गटारांचा वेगळा, शहर स्वच्छता आराखडा वेगळा, केंद्राच्या अमृत २.० योजनेसाठीचा पाण्याचा ताळेबंद वेगळा. या सगळ्यांत पाठीशी कायदा असलेली चीज म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालची विकास योजना, गावाच्या तोंडी 'डीपी'; कुठली जमीन कशासाठी राखायची, म्हणजे 'आरक्षण', ते तिच्यात ठरतं. कागद सगळे एकाच शहराचे, पण केलेत वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या घाईत.

ही बाडं एका लांब टेबलावर मांड आणि प्रत्येकातलं एकच पान उघड, पुढच्या लोकसंख्येच्या अंदाजाचं. आकडे जुळणार नाहीत. कुणी भूमितीय पद्धत धरली असेल, कुणी अंकगणिती. पाणीपुरवठ्यावाल्यांचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असेल, कारण माणसं वाढली की टाकी मोठी होते आणि टाकी मोठी झाली की प्रकल्पाची रक्कम. मुळात सगळ्यांचा पाया २०११ ची जनगणना. २०२१ ची झालीच नाही, आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा आज गावात किती माणसं आहेत हे तुलाच शोधावं लागेल. घरपट्टीच्या मागणी नोंदवहीतली मालमत्तांची संख्या घे, महावितरणकडून घरगुती मीटरची संख्या घे, शाळांचा पट आणि अंगणवाडीची यादी घे. प्रभागवार मांडलंस की दिसेल, जुन्या पेठेतली माणसं कमी होताहेत आणि बायपासच्या पलीकडे, जिथे गटार नाही की दिवा नाही, तिथे गाव वाढतंय. एकदा आकडा ठरला की तोच सगळ्या फायलींना लाव. कुणी विचारलं तर स्वतःच्या सहीची टिपणी दाखव.

एका तालुक्याच्या गावात पाहिलेलं सांगतो. भुयारी गटार योजनेचं पंपिंग स्टेशन अगदी योग्य ठिकाणी दाखवलेलं होतं, ओढ्याकाठी, गावाच्या सर्वांत सखल टोकाला. निविदा निघाली, कार्यारंभ आदेश निघाला. माणसं आखणी करायला गेली तेव्हा कळलं की त्या गटावर डीपीत भाजी मंडईचं आरक्षण आहे आणि सात-बारा अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. सल्लागाराने डीपी पाहिला नव्हता, नगररचनाकाराने डीपीआर पाहिला नव्हता, आणि कार्यालयात दोन्ही फायली दोन कपाटांत होत्या. मग त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली डीपीत फेरबदलाचा ठराव, हरकती-सूचना, शासनाकडे प्रस्ताव. तोवर सिमेंटचे पाइप येऊन पडले होते आणि पोरं त्यांत लपंडाव खेळत होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. डीपीचा नकाशा आणि अंदाजपत्रक हे दोन कागद एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय नवा आराखडा लिहायला बसू नकोस.

ताडायचं म्हणजे काय ते सांगतो. अंदाजपत्रकात भूसंपादनाचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, काढ. तुझ्यासारख्या 'क' वर्ग नगरपरिषदेत तिथे बहुतेक वेळा नाममात्र तरतूद असते, लेखाशीर्ष जिवंत राहावं म्हणून ठेवलेली. आता डीपीतली आरक्षणांची यादी शेजारी ठेव. शाळा, क्रीडांगण, उद्यान, दवाखाना, दफनभूमी, पार्किंग. रेडीरेकनर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांचा तक्ता, घेऊन प्रत्येकाची ढोबळ किंमत मांड आणि दुप्पट कर, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी भागात बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. बेरीज पाहून घाबरशील. घाबरलीस तर बरंच आहे, कारण ती बेरीज तुझ्या सभागृहात बहुधा कुणीही केलेली नसते.

आता त्याच १९६६ च्या अधिनियमातलं कलम १२७. डीपी अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक किंवा हितसंबंधित नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिन्यांची झाली. पावलं म्हणजे सभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र, अशा समजुतीत मात्र राहू नकोस. गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा मार्ग बंद केला, संपादनाच्या दिशेने खरीखुरी कारवाई हवी. त्यामुळे प्रत्येक आरक्षणासमोर दहा वर्षं कधी भरतात ती तारीख लिही. पाच वर्षांच्या आराखड्याचं पहिलं पान हेच.

पैसे देऊन घेणं हा एकच मार्ग नाही, हे तुला प्रशिक्षणात सांगितलं असेल. टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देऊन जमीन घेता येते हे खरं, पण लहान गावात टीडीआर विकत घेणार कोण? जिथे दुमजली घरावर तिसरा मजला चढवायची कुणाला गरज नाही, तिथे मालक ते प्रमाणपत्र ठेवून काय करणार? मोठ्या शहराच्या शेजारी असशील तर गोष्ट वेगळी. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतलं समावेशक आरक्षण मात्र नीट वाच. मालक जमिनीच्या एका भागावर सुविधा उभारून नगरपरिषदेच्या ताब्यात देतो आणि उरलेल्या भागावर स्वतःचं बांधतो. हमरस्त्यालगतच्या मंडईला, पार्किंगला हे जमू शकतं. मैदानाला फारसं जमत नाही, आणि खरी ओढाताण मैदानाचीच असते.

सगळी आरक्षणं वाचणार नाहीत. कोणती वाचवायची हे तू ठरवलं नाहीस, तर ज्याची नोटीस आधी येईल तो ठरवेल. जिथे आजूबाजूला पोरं आहेत आणि मोकळी जागा दुसरी नाही, तिथलं मैदान आधी. ज्या गटावर गुंठेवारीची घरं उभी राहून लाइट-नळ आलेत, तिथलं उद्यान कागदावरच राहणार. ते धरून बसण्यात अर्थ नाही, आणि गरिबांची घरं पाडून बाग करणारी अधिकारी व्हावं असं मला वाटतही नाही.

पैशाबद्दल थोडं. बाहेरून येणारा प्रत्येक रुपया मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली, ४० टक्के मोकळी. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण योजना यांचे निकष आणि पालक आपापले. जिल्हा नियोजन समितीकडचा निधी तर अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो आणि लगेच खर्ची टाका म्हणतो. तेव्हा ज्यांची यादी, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी तयार असते त्यांचीच कामं होतात, बाकीच्यांचे पेव्हर ब्लॉक बसतात. तुझ्या आराखड्यातल्या कामांना प्राधान्यक्रम दे आणि वरच्या दहा कामांची तांत्रिक मंजुरी दिवाळीपर्यंत हातात ठेव. मार्चचा पैसा तुझ्या यादीवर आला पाहिजे, ऐन वेळी कुणाच्या खिशातून निघालेल्या चिठ्ठीवर नको.

नवीन काही बांधण्याआधी लेखापालांना एकच प्रश्न विचार, याचं वीजबिल कोण भरणार? मलनिस्सारण केंद्र अनुदानात होतं, ते चालवायचं स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं. चतुर्वार्षिक कर आकारणी रखडलेली असेल तर तुझ्या नगरपरिषदेचं उत्पन्न जुन्या दरावर आणि पंपाचं बिल नव्या दरावर. पंप बंद, टाक्यांत शेवाळ, दारावर उद्घाटनाची कोनशिला, असं केंद्र तुला शेजारच्या कुठल्या तरी गावात सापडेलच. एकदा जाऊन बघून ये, आणि जाताना नगर अभियंत्याला सोबत ने.

आता माणसं. डीपीच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवतात, नियोजन समिती सुनावणी घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. हरकतींचा गठ्ठा चाळून बघ. जवळजवळ सगळ्या हरकती जमीनमालकांच्या असतात, 'माझ्या गटावरचं आरक्षण उठवा.' त्यात गैर काही नाही, जमीन त्यांची जाते. पण ज्या पोरांना तिथे खेळायचं आहे त्यांची हरकत गठ्ठ्यात कधीच नसते. राजपत्र वाचून तीस दिवसांत अर्ज करणारी माणसं ती नव्हेत. त्यांच्याकडे तुलाच जावं लागेल. घटनेतल्या प्रभाग समित्या तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक आहेत, तुझ्या गावाला नाहीत. पण बैठक घ्यायला कायदा आडवा येत नाही. प्रभागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घे आणि त्यावर गट क्रमांकांआधी मारुतीचं देऊळ, मशीद, पिठाची गिरणी, शाळा घाल. लोक आधी स्वतःचं घर शोधतात, मग बोटाने रस्ता आखत बोलायला लागतात. नळाला पाणी यायच्या वेळेला बैठक ठेवू नकोस, नाहीतर एकही बाई येणार नाही आणि तू समजशील की पाण्याची तक्रार नाही.

नगरसेवकांना टाळू नकोस. बरीच वर्षं प्रशासक होते, कार्यालयाला सभागृहाशिवाय कारभार करायची सवय लागली आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नवी मंडळी आली आहेत आणि त्यांना आपापल्या प्रभागात काहीतरी दाखवायचं आहे. गटार, दिवा, बोळातलं काँक्रीट अशी त्यांची मागणी तुला किरकोळ वाटेल. पण कुठल्या बोळात पावसाळ्यात पाणी शिरतं हे त्यांना तुझ्या सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक असतं. काँक्रीट हो म्हण, पण त्याखालची जलवाहिनी बदलून झाल्यावर. तारखेसकट लिहून दे. 'आयत्या वेळचे विषय' मात्र कमीत कमी ठेव. प्राधान्यक्रम मोडायची चोरवाट तिथूनच जाते.

दक्षिण आफ्रिकेत तर याचा कायदाच आहे. २००० सालच्या त्यांच्या म्युनिसिपल सिस्टिम्स अॅक्टनुसार निवडून आलेल्या प्रत्येक परिषदेने आपल्या कारकिर्दीसाठी एकच एकात्मिक विकास आराखडा मंजूर करायचा, दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा आणि अंदाजपत्रक त्याच्याशी जोडायचं. कागदावर हेवा वाटावा अशी रचना. तरीही २०२२-२३ च्या लेखापरीक्षणात तिथल्या २५७ नगरपालिकांपैकी ३४ च निर्दोष ठरल्या. आपल्याकडे तसं कलम नाही म्हणून रडणाऱ्या सहकाऱ्यांना हा आकडा ऐकव. अंदाजपत्रकात एखादं काम डीपीतल्या कुठल्या आरक्षणाशी किंवा रस्त्याशी जोडलेलं आहे ते दाखवणारा एक रकाना वाढवायला तुला शासन निर्णय लागत नाही. यंदापासून वाढव. ज्या कामापुढे तो रकाना कोरा राहील त्यावर सभेत प्रश्न येतील. येऊ देत.

हे सगळं सुरू करण्याआधी एक काम आजच करून घे. आवक लिपिकाला गेल्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढायला सांग आणि कलम १२७ च्या, किंवा 'आरक्षणाबाबत' एवढंच लिहिलेल्या, सगळ्या नोटिसा वेगळ्या काढ. वकिलामार्फत आलेल्यांवर विशेष लक्ष दे. त्यावरचा आवक शिक्का पाहा. चोवीस महिने त्या तारखेपासून मोजले जातात, तू रुजू झाल्यापासून नाही. एखादीचे सहा-सात महिनेच उरलेले दिसले तर मालकी हक्काची कागदपत्रं सोबत जोडलेली होती का तेवढं तपास आणि त्याच दिवशी नगररचनाच्या सहायक संचालकांकडे जा. फाइल पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा.

तुझा,
सर