वाचकांचे प्रश्न : लेंडीत अळ्या दिसतात, अंडी कुठे गेली?

प्रश्न : पाषाण तलावाकाठच्या दलदलीतून घुशी-उंदरांच्या लेंड्या आणल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून दुसऱ्या दिवशी कॉलेजात मिठाच्या पाण्यात तपासल्या. सुरकुतलेल्या अळ्या दिसल्या, जंतांचं अंडं एकही नाही. काय चुकलं?
– एम.एस्सी. प्राणिशास्त्र, पुणे

उत्तर : बहुधा ती एक रात्र नडली. निप्पोस्ट्राँगायलस या उंदरांच्या आतड्यातल्या जंताची अंडी उबदार, ओलसर जागी दिवसभरात फुटतात आणि बंद पिशवीत तसंच हवामान तयार होतं. स्ट्राँगिलॉइडिस रॅटी या उंदरांच्याच दुसऱ्या जंताच्या अंड्यात तर लेंडी पडतानाच अळी तयार असते, ती काही तासांत बाहेर येते. शिवाय चिखलात मोकळे राहणारे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक कृमी) लेंडीत शिरतात, ते परजीवी नव्हेतच. म्हणून शिळ्या लेंडीतल्या अळीवरून जंताचं नाव ठरवू नका. अळ्या सुरकुतल्या त्या मिठामुळे.

घुशींच्या वाटेवर संध्याकाळी स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि उजाडताच त्यावरच्या मऊ, चकचकीत लेंड्याच उचला. तिथेच 10 टक्के फॉर्मलिनमध्ये टाका (बाजारातलं फॉर्मलिन 1 भाग, पाणी 9 भाग). त्याच दिवशी तपासणार असाल तर 4 अंशांवर फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतं. फ्रीझरमध्ये मात्र नको, अंडी विद्रूप होतात.

हलकी अंडी तरंगून वर यावीत म्हणून मिठाचं द्रावण नीट जमलं पाहिजे. लिटरभर उकळत्या पाण्यात 400 ग्रॅम मीठ घाला. गार झाल्यावर तळाशी थोडं मीठ उरलं तरच ते संपृक्त झालं, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळत नाही. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) 1.20 च्या आसपास हवं. 1-2 ग्रॅम लेंडी (फॉर्मलिनमधली असेल तर आधी पाण्याने धुऊन) द्रावणात कुस्करा, चहाच्या गाळणीने गाळा, नळी काठोकाठ भरा आणि वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा. 15 मिनिटांनी ती सरळ वर उचलून सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठं करून लगेच पाहा. उशीर केलात तर मिठाचे स्फटिक धरतात आणि पातळ कवचाची अंडी आकसतात.

ट्रायक्यूरिस या चाबकासारख्या जंताचं अंडं पिंपासारखं, दोन्ही टोकांना बूच असलेलं. हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या उंदरांच्या पट्टकृमीचं गोल, 60 ते 80 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आत आकड्यांच्या तीन जोड्या.

तळाचा गाळ फेकू नका! पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर येत नाहीत. पर्णकृमींचं जीवनचक्र गोगलगाईंमधून जातं, त्यामुळे पाणथळीत ते असण्याची शक्यता धरूनच चाला. गाळ साध्या पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्या, वरचं पाणी ओता. पाणी नितळ होईपर्यंत असं करत राहा आणि उरलेला गाळ पाहा. तुमच्या कामात हाच टप्पा सर्वांत मोलाचा ठरेल.

प्रश्न : या लेंड्यांतून आपल्याला जंत होतील का?

उत्तर : डिमिन्यूटाचं अंडं पोटात गेल्याने लागण होत नाही, त्यासाठी संसर्ग झालेला पिठातला किडा किंवा पिसू गिळली जावी लागते. खरी भीती लेप्टोस्पायरा या जिवाणूची, आणि तो घुशी-उंदरांच्या लघवीतून येतो. गमबूट, हातमोजे घाला, जखम झाकूनच चिखलात उतरा. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना दलदलीत गेल्याचं आवर्जून सांगा.