शंका-समाधान : पराग आहे, मग फळ का धरत नाही?

प्रश्न : एप्रिलमध्ये टोमॅटोला फुलं भरपूर लागली, पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळाली. बोरॉनच्या दोन फवारण्या घेतल्या, उपयोग शून्य. पाणी आणि खत व्यवस्थित आहे. काय चुकलं? (टोमॅटो उत्पादक, नारायणगाव)

उत्तर : बोरॉन चुकीचं नव्हतं, पण ते उशिरा पडलं. आज गळणाऱ्या फुलाचं नुकसान आठवडा-दीड आठवड्यापूर्वीच झालेलं असतं. फूल उमलण्याच्या साधारण 8 ते 13 दिवस आधी, कळी अगदी बारीक असताना, परागकोशातल्या (पराग जिथे तयार होतो त्या पिशवीतल्या) मातृपेशींचं अर्धसूत्री विभाजन होतं आणि एकेकीपासून चार कोवळे परागकण तयार होतात. त्यांना अन्न पुरवतो तो परागकोशाच्या आतला पेशींचा थर, टॅपेटम. ठरल्या वेळी हा थर विरघळतो आणि त्यातला ऐवज परागकणांच्या कामी येतो. नेमक्या याच दिवसांत दुपारी पारा 35 अंशांवर गेला आणि रात्रीही 23-24 च्या खाली उतरला नाही, तर टॅपेटमचं वेळापत्रक बिघडतं. निरोगी परागकणात फूल उमलण्याच्या दोन-तीन दिवस आधी भरपूर स्टार्च असतो आणि उमलेपर्यंत त्याची साखर होते. तापलेल्या कळीत हा साठाच होत नाही. फूल वरून पिवळंजर्द, आतले परागकण मात्र चिपाड. बोरॉन परागनलिकेच्या, म्हणजे परागकणातून निघून बीजांडाकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतीला लागतं. परागकण मुळातच रिकामा असेल तर ते काय करणार?

दुसरी गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. टोमॅटोचे परागकोश एकमेकांना चिकटून शंकू बनतो आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, त्याच्या आत असते, म्हणून स्वतःचाच पराग तिच्यावर पडतो. उन्हाळ्यात कुक्षीवृंत (कुक्षीचा दांडा) लांबतो आणि कुक्षी शंकूच्या तोंडाबाहेर डोकावते. सकाळी दहा-बारा फुलं हातात घेऊन पाहा. बहुतेकांत हिरवट टोक बाहेर दिसलं, तर पराग चांगला असूनही तो जागेवर पोचत नाही.

लगेच झाडं उपटू नका. रात्री थंड झाल्या की तिथून दहा-बारा दिवसांनी उमलणारी फुलं पुन्हा धरतात. पुढच्या वर्षासाठी लागवडीची तारीख अशी धरा की पहिल्या तीन-चार घोसांच्या कळ्या उष्ण रात्रींत सापडणार नाहीत. शेडनेट असेल तर ते कळ्या दिसायच्या आधी लावावं, फुलगळ सुरू झाल्यावर नव्हे. शेडनेट किंवा पॉलिहाउसमध्ये वारा नसतो, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास बांधणीच्या तारा एक दिवसाआड हलक्या हाताने ठोका. हवा फार दमट असेल तर पराग गोळा होऊन चिकटून बसतो, त्या वेळी ठोकून फायदा नाही, थोडं ऊन चढू द्या. मधमाश्यांच्या पेट्यांवर इथे फार विसंबू नये. टोमॅटोचा पराग परागकोशाच्या टोकाशी फूल थरथरल्यावर बाहेर पडतो. ही थरथर भुंगे आणि काही रानमाश्या करतात, मधमाशी करत नाही.

संजीवकाची (वाढ नियंत्रकाची) फवारणी करून फळ ‘धरवता’ येतं हे खरं, पण त्यात फलन झालेलं नसतं. बिया नाहीत म्हणजे गरही कमी, फळ आतून पोकळ आणि वजनाला मार. आमच्या मते हा शेवटचा उपाय आहे.

प्रश्न : बारावीच्या प्रात्यक्षिकात सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात रुजवतो. कधी सगळे रुजण्याऐवजी फुटून जातात, कधी काहीच होत नाही. खात्रीची कृती सांगाल का? (जीवशास्त्र शिक्षिका, सांगली)

उत्तर : नुसत्या साखरेवर भागत नाही. ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी 1963 मध्ये दिलेलं द्रावण आजही सर्वांत भरवशाचं. 100 मिलीसाठी साखर 10 ग्रॅम, बोरिक आम्ल 10 मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट 30, मॅग्नेशियम सल्फेट 20 आणि पोटॅशियम नायट्रेट 10 मिलिग्रॅम.

कॉलेजच्या तराजूवर 10 मिलिग्रॅम तोलणं अवघड, म्हणून चार बाटल्या करून ठेवा. ऊर्ध्वपातित पाण्यात प्रत्येकी 100 मिलीमागे बोरिक आम्ल 1 ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट 3, मॅग्नेशियम सल्फेट 2 आणि पोटॅशियम नायट्रेट 1 ग्रॅम. आयत्या वेळी 80 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर विरघळवून प्रत्येक बाटलीतलं 1 मिली घाला आणि 100 पर्यंत पाणी करा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बाटल्यांतलं द्रावण थेट एकत्र ओतू नका, जिप्समचा साका बसतो आणि कॅल्शियम तळाशी जातं. खताच्या दुकानातलं कॅल्शियम नायट्रेटही नको, त्यात अमोनियम असतं. साखरेचं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नये, त्यात बुरशी धरते.

सदाफुलीचा पराग नळीच्या वरच्या फुगीर भागात असतो, तोंडातून दिसत नाही. सकाळी नुकतंच उमललेलं फूल घ्या, नळी ब्लेडने उभी चिरा आणि कोरड्या सुईच्या टोकाने पराग उचला. त्याखालच्या कुक्षीचा चिकट स्राव सुईला लागला तर पराग गुठळी होऊन बसतो. थेंब पातळ पसरलेला हवा, कारण जाड थेंबाच्या तळाशी प्राणवायू पुरत नाही. काचपट्टी ओल्या टिपकागदाच्या डबीत झाकून ठेवा, 25 ते 28 अंशांत. तास-दीड तासात नलिका दिसाव्यात.

आता तुमच्या दोन्ही अडचणी. परागकण फुटतात ते बहुधा साखर कमी पडल्याने, कारण पाणी भराभर आत शिरतं. नलिका निघून मग टोकाशी फुटत असेल तर कॅल्शियम किंवा बोरॉनकडे पाहा. नलिका फक्त टोकाशी वाढते. पेक्टिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तिथे सतत येऊन रिकाम्या होतात. नवं पेक्टिन मऊ असतं, थोडं मागे गेल्यावर एक विकर (एन्झाइम) त्यावरचे मिथाइल गट काढतं, कॅल्शियम त्या साखळ्या जोडतं आणि भिंत कडक होते. बोरॉनही पेक्टिनच्या साखळ्या जोडतं. टोक फार मऊ राहिलं तर फुटतं, फार कडक झालं तर वाढ थांबते. मक्याची नलिका हा तोल सांभाळत तासाला सुमारे एक सेंटिमीटर जाते, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या परागकणातून निघून.

काहीच होत नाही, तेव्हा थेंबात किती परागकण होते ते आठवा. मोजकेच असले तर ते रुजत नाहीत. हा ‘गर्दीचा परिणाम’ कॅल्शियमशी जोडलेला आहे हेच त्या 1963 च्या कामातून दिसलं. मोजताना नलिका परागकणाच्या व्यासापेक्षा लांब झाली तरच ‘रुजला’ म्हणा, आणि निदान 200 परागकण मोजा.

400 पट मोठं करून एक नलिका मुलांना शांतपणे पाहू द्या. आतले कण कडेकडेने पुढे जातात, टोकाच्या अलीकडूनच वळतात आणि मधून मागे येतात. अगदी टोकाचा स्वच्छ भाग त्यांच्याविनाच राहतो.

ॲसिटोकार्मिन या रंगाने लाल झालेले सगळे ‘जिवंत’ अशी नोंद जर्नलात सर्रास दिसते. ती चूक आहे. तो रंग परागकण भरलेला की पोकळ एवढंच सांगतो. नुकता मेलेला भरलेला परागकणही लालच दिसतो.

प्रश्न : गच्चीवर दुधी आणि लाल भोपळा आहे. सकाळी दहाला नरफूल घासून परागीभवन करते. दोन्हींची कोवळी फळं सडतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : दहा ही वेळ दोघांनाही गैरसोयीची. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच घासा. लाल भोपळ्याची पहाटे उमलतात, ते काम आठच्या आत उरका. पराग कुक्षीच्या सर्व भागांवर लागू द्या. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं होतं. नरफूल पावसाने भिजलेलं नसावं.

प्रश्न : संकरित कांदा बीजोत्पादनात मादी ओळीला पराग नसतो. मग त्या ओळीचं बियाणं वाढवतात कसं? (बीजोत्पादक, जालना)

उत्तर : नरवंध्यता, म्हणजे झाडाला पराग न बनणं, कांद्यात पेशीद्रवातून, म्हणजे आईकडून येते. दोष मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत असतो. टोमॅटोच्या उत्तरात आलेल्या टॅपेटमला ऊर्जा भरपूर लागते, तिथेच तो उघडा पडतो आणि पराग बनत नाही. बीजांड मात्र ठणठणीत असतं. म्हणून नरवंध्य ‘अ’ ओळीशेजारी तिच्याच गुणांची पण पराग देणारी ‘ब’ ओळ लावतात. ‘ब’चा पराग घेऊन ‘अ’वर आलेलं बी पुन्हा नरवंध्यच निघतं, कारण मायटोकाँड्रिया ‘अ’चेच. असं पहिलं झाड 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला ‘इटालियन रेड’ या वाणात सापडलं होतं.

संकरित कांदा स्वतः वंध्य राहिला तरी बिघडत नाही, आपल्याला गड्डा हवा. ज्वारीत तसं चालत नाही, तिथे दाणाच पीक आहे. म्हणून 1964 च्या सीएसएच-1 या संकरित वाणापासून ज्वारीच्या संकरात वंध्यता उलटवणारी जनुकं देणारी नर ओळ लागते.

तुमच्या प्लॉटमध्ये ‘अ’ ओळीत पराग देणारी भेसळ झाडं निघाली तर ती फुलोरा सुरू होताच उपटा. परागकोश काळ्या कागदावर टिचकीने झाडा. पिवळसर भुकटी पडली की ते झाड बाहेर. वंध्य फुलाचे परागकोश सुकट, काचेसारखे पारदर्शक राहतात आणि कागद स्वच्छ राहतो. एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, त्यामुळे ही फेरी फुलोरा संपेपर्यंत रोज सकाळी घ्यावी लागते.