सरकी, जवस, शेंगदाणा पेंड वाढवली तर उलटणारी गाय गाभण राहील का?

तुमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय व्यायल्याला चार महिने झाले, वीस लिटर दूध देते, रेतन केलं की दर वेळी उलटते (गाभण न राहता पुन्हा माजावर येते), आणि शेजारी म्हणतात पेंड-सरकी वाढव. मी पशुवैद्यक आहे. हा सल्ला गोठ्यागोठ्यात ऐकतो आणि तो अर्धाच बरोबर आहे.

बरोबर अर्धा असा. व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं, खाणं मात्र मागे राहतं. पहिले दीड-दोन महिने गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. पाठीची हाडं वर येतात, माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही. तेलात पिठूळ खाद्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, म्हणून या काळात सरकीचा खरा आधार मिळतो. शिवाय गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कोलेस्टेरॉल या चरबीपासूनच तयार होतं. पण तुमच्या गायीचा तो काळ बहुधा सरलाय. आता ती अंगाने भरत असेल, तर कारण खाद्यात शोधण्याआधी गर्भाशय तपासून घ्या आणि रेतनाची वेळ माजाशी जुळते का ते बघा.

पेंडीचं मात्र उलटंच होऊ शकतं. पेंड म्हणजे मुख्यतः प्रथिनं. गरजेपेक्षा जास्त गेली की पोटात अमोनिया वाढतो, रक्तात-दुधात युरिया चढतो आणि गर्भाशयातलं वातावरण बिघडतं. दुधातला युरिया नायट्रोजन 100 मिलिलिटरला 19-20 मिलिग्रॅमच्या पुढे गेला की गर्भ राहण्याचं प्रमाण घटतं, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. उलटणाऱ्या गायीला आणखी दोन किलो पेंड घालणं म्हणूनच मला पटत नाही. त्याऐवजी मका भरडा द्या, खनिज मिश्रण चुकवू नका.

सरकी किती? पाचशे किलोची गाय दिवसाला साधारण पंधरा किलो कोरडं खाद्य खाते. त्यात एकूण तेल 6 टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, म्हणजे 900 ग्रॅम. जवळजवळ निम्मं चारा-आंबोणातूनच येतं. दोन किलो सरकीत 350-400 ग्रॅम तेल असतं, संपला हिशोब. त्यावर बाटलीने गोडेतेल पाजलं तर तंतुमय चारा पचवणारे जिवाणू मंदावतात, शेण पातळ होतं आणि दुधाचं फॅटही डेअरीत कमी लागतं. (बाटलीने पाजताना तेल फुफ्फुसात गेलेली गाय वाचवणं फार अवघड असतं, तेही लक्षात ठेवा.)

सरकी अख्खीच द्या, वाटून नको. कापसाचे तंतू चिकटलेली बी पोटातल्या चाऱ्याच्या थरात अडकते, रवंथात हळूहळू फुटते आणि तेल बेताबेताने सुटतं. शेणात थोड्या अख्ख्या बिया दिसल्या तर घाबरू नका, मूठभर दिसल्या तर चारा कमी पडतोय. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या गायीच्या पोटात बऱ्यापैकी निष्प्रभ होतं, लहान वासराच्या नाही; वळूच्या वीर्यालाही ते बाधतं. त्यांना देऊ नका.

जवसातल्या ओमेगा-3 मुळे गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन (गायीला पुन्हा माजाकडे नेणारं द्रव्य) कमी होऊन गर्भ टिकायला मदत होते, हे तत्त्व खरं. पण बरंचसं ओमेगा-3 पोटातले जिवाणूच बदलून टाकतात, आणि प्रयोगांचे निकाल दोन्हीकडे झुकतात. द्यायचंच तर थोडं, आणि नीट उकळून. थंड पाण्यात भिजवून ठेवलं तर सायनाइड सुटू शकतं.

शेंगदाणा पेंडीला पावसाळ्यात बुरशी लागते. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं, दूध उकळूनही जात नाही. ढेप फोडून आत हिरवट-पिवळी भुकटी दिसली किंवा कुबट वास आला, तर उन्हात वाळवून वापरायचा मोह नको. ती पेंड म्हशीलाही नको.