पोथी बोटांत उतरू दे

प्रिय मुली,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. कठोपनिषदावर ॲक्शन गेम करायचा असं तू ठरवलंस, यात मला काहीच वावगं वाटत नाही. त्याबद्दल तुझी पाठही थोपटणार नाही. विषय चांगला निवडला म्हणजे सुरुवात झाली, एवढंच. माझं लक्ष अडकलं ते शेवटच्या पानावर. नचिकेताची, म्हणजे बापाने यमाला देऊन टाकलेल्या त्या पोराची, तीन चित्रं तू पाठवलीस. एक जुन्या लघुचित्रांसारखं, एक शाईच्या फटकाऱ्यांचं, एक निऑन दिव्यांच्या शहरातलं. आणि खाली विचारलंस, "सर, यातलं कुठलं जास्त वेगळं वाटतं?"

तुझा सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे. वेगळेपण तू नको तिथे शोधतेयस. चित्रं तिन्ही छान आहेत, पण तिन्ही गेममध्ये माझ्या हातून होणार काय, तर एका बटणाने वार, दुसऱ्याने उडी, तिसऱ्याने बचाव. मग तो नचिकेत असला काय आणि दुसरा कुणी असला काय! पोथीवर गेम करायचा तर ती पोथी बोटांत उतरली पाहिजे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तू 'एल शदाई'चं नाव घेतलंस आणि जीन्स घातलेला देवदूत फार आवडला म्हणालीस. आवडणारच. पण तुझ्या पत्रावरून वाटतं की तो गेम तू पाहिलास, खेळली नाहीस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०११ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आलेला हा जपानी गेम. दिग्दर्शक ताकेयासु सावाकी. त्याआधी 'डेव्हिल मे क्राय' आणि 'ओकामी'साठी पात्रं रेखाटणारा माणूस. त्याने आधाराला घेतलं हनोखाचं पुस्तक. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हनोखाला मोजून काही ओळी आहेत. तो ३६५ वर्षं जगला, देवाबरोबर चालला, आणि मग तो दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेलं. बस. या एवढ्याशा जागेत पुढे प्राचीन यहुदी परंपरेत एक अख्खं पुस्तक उभं राहिलं. ते संपूर्ण टिकलं ते फक्त इथिओपियातल्या गीझ भाषेत. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला पवित्र ग्रंथांत जागा दिली, बाकी बहुतेक चर्चेसनी दिली नाही. जेम्स ब्रूस नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने १७७३ मध्ये त्याच्या प्रती युरोपात नेल्या, आणि विसाव्या शतकात मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी भाषेतले तुकडे सापडले.

त्या पुस्तकात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्नं करतात आणि माणसांना नको त्या विद्या शिकवतात. अझाझेल काय शिकवतो माहीत आहे? तलवारी, सुऱ्या, ढाली, चिलखतं करायला. म्हणजे या ग्रंथाच्या दृष्टीने शस्त्र ही मुळात शिकायलाच नको होती अशी गोष्ट. आता अशा ग्रंथावर तुला मारामारीचा गेम करायचाय. काय करशील?

सावाकीच्या गेममध्ये हनोख स्वर्गातला लेखनिक असतो. पृथ्वीवर प्रलय यायच्या आत पतित देवदूतांना शोधून काढायचं म्हणून त्याला खाली पाठवतात. त्याला हत्यार मिळवायचं तर शत्रूच्या हातून हिसकावून घ्यावं लागतं. शत्रू मार खाऊन डगमगतो, तू बटण दाबतेस, हनोख ते हत्यार ओढून घेतो आणि त्याच्या पात्यावरून हात फिरवतो. हात फिरेल तसा त्यावरचा मळ निघतो आणि पातं पांढरं उजळतं. मग तू लढतेस. वार करत गेलीस की तेच पातं पुन्हा डागाळतं आणि वारांतला जोर कमी होतो. पुन्हा थांबायचं, पुन्हा हात फिरवायचा. ऐन लढाईत, शत्रू अंगावर येत असताना! प्रवचन नाही, पडद्यावर एक ओळ नाही. वापरलं की मळणारच, हे तुझ्या अंगठ्याला कळतं.

याला म्हणतात पोथी बोटांत उतरणं.

तिथे पडद्यावर हेल्थ बार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, नाही, आकडे नाहीत. हनोखाला मार बसला की चिलखताचे तुकडे उडतात आणि शेवटी तो उघड्या अंगाने लढतो. बॉसचंही, म्हणजे मोठ्या शत्रूचंही, तसंच, त्याचंही चिलखत फुटत जातं. किती जीव उरलाय ते शरीराकडे बघून ओळखायचं. हनोख कोसळला तरी तू भराभर बटणं दाबलीस तर उठतो, आणि दर खेपेला ते उठणं जड होत जातं. तुझी आवडती जीन्सही काही शोभेला नाही. तो जीन्सवाला देवदूत लुसिफेल काळाच्या बाहेर राहतो, सगळी युगं त्याला एकसारखीच. म्हणून त्याच्या अंगावर आपले कपडे, म्हणून त्याच्या हातात मोबाईल, आणि त्या मोबाईलवर तो थेट देवाशी बोलतो. तुझा गेम सेव्ह होतो तोही त्याच्याच पाशी. एक कल्पना धरली आणि कपड्यांपासून सेव्ह करण्यापर्यंत खाली नेली. तू मात्र जीन्स उचललीस आणि कल्पना तिथेच ठेवलीस.

या गेमचं २०१० चं ट्रेलर बघ. एवढ्या सामानावर भागेल ना, असं हनोखाला विचारलं जातं. तो म्हणतो, काही अडचण नाही. मग तो सपाटून मार खातो, लुसिफेल चुटकी वाजवून काळ मागे नेतो, पुन्हा तोच प्रश्न येतो, आणि या वेळी हनोख सगळ्यात चांगलं चिलखत मागतो. गेम यायच्या आधीच जपानभर ते संवाद लोकांच्या तोंडी झाले. लोक हसले, पण हसता हसता त्यांनी गेमचा नियम पाठ केला. तुझ्या ट्रेलरमध्ये नियम कुठे आहे? मला फक्त ढग दिसले.

आता असं समजू नकोस की मी त्या गेमला देव्हाऱ्यात बसवतोय. त्यात उणिवा आहेत आणि त्या नेमक्या कुठे आहेत ते बघ. पतित देवदूत राहतात त्या मनोऱ्याच्या दर मजल्यावर चित्रशैली बदलते. कधी जलरंग, कधी सपाट कागदी जग, आणि अझाझेलच्या राज्यात तर थेट भविष्यातलं शहर आणि मोटारसायकल. डोळे दिपतात. पण हात मात्र मजल्यामागून मजले तेच करत राहतो. तीच हत्यारं, तीच लय. मध्येच सपाट पडद्यावर उड्या मारायचे तुकडे येतात, तिथे चित्र इतकं सुंदर की फळी नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. गोष्टही तुटक आहे. अशा ठिकाणी पोथी डोळ्यांशीच अडली आणि तिथेच गेम पातळ झाला. एवढ्या ताकदीच्या चित्रकाराला जे सुंदर चित्रांनी भरून काढता आलं नाही, ते तू कशाने भरून काढणार आहेस?

इथे मला माझंही थोडं सांगायला हवं. तुला वाटेल म्हातारा उगाच हटवादीपणा करतोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका धर्मकथेवरच्या गेमचा मुख्य डिझायनर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आमच्या गेममध्ये एक बटण होतं, शस्त्र खाली ठेवायचं. दाबून धरलं की नायक सावकाश गुडघ्यावर येई, तलवार जमिनीवर ठेवी आणि हात उघडे करी. तेवढ्या वेळात तुम्ही पूर्ण उघडे. कुणीही येऊन मारावं. पण काही शत्रू थांबत. सगळे नाही, काहीच. कोण थांबेल ते त्यांच्या चालण्यावरून ओळखायला शिकावं लागे. सगळी कथा त्या बटणात होती. आम्ही ते बटण ज्यांच्या हाती दिलं ते खेळणारे पहिल्यांदा घाबरत, दुसऱ्यांदा चिडत, आणि मग कधीतरी एखादा शत्रू थांबला की खुर्चीत पुढे सरकून बसत.

वरच्यांनी विचारलं, या बटणाने स्कोअर वाढतो का? मी म्हटलं, नाही. मग ते काढा आणि तिथे जादा वार द्या, असा निरोप आला. मी काढलं नाही. मला काढलं गेलं. गेम माझ्याविना बाजारात आला. चित्रं माझ्याच चमूची होती, लोकांनी ती वाखाणली, आणि काही महिन्यांत तो गेम कुणाच्या लक्षातही राहिला नाही. माझ्याबरोबर दोन पोरांनी नोकरी सोडली, त्यांचे फार हाल झाले, ही खंत मला आहे. ती जाणार नाही. पण ते बटण मी काढायला हवं होतं, असं मात्र मला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही. थोडं नमतं घेतलं असतं तर पुढच्या गेममध्ये हवं ते करता आलं असतं, असं मित्र म्हणतात. मी त्यांना विचारतो, नमतं घेऊन पुढच्या गेममध्ये हवं ते केलेला एक माणूस दाखवा. कुणी दाखवत नाही. असतीलही असे. मला भेटले नाहीत.

सावाकीचंच बघ. त्याच्या गेममागे पैसा होता इग्निशन या कंपनीचा, आणि ती होती मुंबईच्या यूटीव्हीच्या मालकीची. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. गेम आल्यानंतर तो स्टुडिओ फार टिकला नाही. सावाकीने स्वतःची छोटी कंपनी काढली, गेमचे हक्क मिळवले, आणि २०२१ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, तोच गेम संगणकावर आणला. नंतर तो निन्टेंडोच्या स्विचवरही आला. तू तुझ्या प्रोटोटाइपसाठी दहा वर्षं थांबशील का? थांबावं असं त्यात काही आहे का, हे आधी बघ.

तर आता नचिकेत.

तुझ्या आराखड्यात तो यमाच्या दारात तीन रात्री यमदूतांशी लढतो. कुठल्या पोथीत लढतो तो? तिथे तर तो तीन रात्री उपाशी थांबतो. यम घरीच नाही, आणि एक पोरगा उंबऱ्याशी बसून आहे. तुला वाटलं, ॲक्शन गेममध्ये थांबणं कसं चालेल, म्हणून तू यमदूत आणलेस. अगं, थांबणं हीच तर तिथली कृती! एक बटण दे, ते धरून ठेवलं तरच तो उंबऱ्यावर टिकतो. मग त्याला तिथून हलवायला काय काय येतं ते दाखव. भूक येऊ दे, झोप येऊ दे, बापाचा आवाज येऊ दे. बोट सुटलं की रात्र पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री खेळणाऱ्याचं बोट दुखलं पाहिजे.

आणि प्रलोभनं! तिथे तर तुझ्या हातात सोनं होतं आणि तू त्याचं कटसीन, म्हणजे नुसतं बघायचं दृश्य, करून टाकलंस. यमाने दिलेल्या तीन वरांपैकी तिसऱ्यात मृत्यूनंतरचं काय ते विचारल्यावर यम त्याच्यापुढे काय काय ठेवतो? शंभर वर्षं जगणारी मुलंनातवंडं, हत्ती, घोडे, सोनं, रथांसकट अप्सरा. आणि तो पोरगा म्हणतो, तुझी वाहनं तुलाच, तुझं नाचगाणं तुलाच. अगं, बाकीच्या सगळ्या गेमांत आपण ज्याला पॉवर-अप, म्हणजे ताकद वाढवणारं बक्षीस, म्हणतो, तेच यम वाटतोय. त्याचा रथ भरधाव तुझ्यावर येऊ दे. स्वार झालीस तर वेग मिळेल, वार दुप्पट होतील, पुढची लढाई सोपी जाईल. आणि ऐन क्षणी बटण दाबून तो परत फिरवलास तर काहीच मिळणार नाही, फक्त दार एक पाऊल जवळ येईल. परत करणं हाच तुझा पॅरी, म्हणजे ऐन वेळी वार परतवण्याची चाल. खेळणाऱ्याला ते घ्यावंसं वाटलं पाहिजे, अगदी मनापासून, नाहीतर नाकारण्याला अर्थ नाही. म्हणून तो रथ चालवायला खरंच मजेचा कर. त्यावर महिना घाल.

लोकांच्या भावना दुखावतील का, हेही तू विचारलंस. पोथी नीट वाचून केलेल्या कामावर निदान बोलता तरी येतं. अर्धवट वाचून केलेल्या कामाचा बचाव कुणी करू नये, मीही करणार नाही. शांकरभाष्य नाही तर नाही, पण मूळ श्लोक अर्थासह पहिल्या वल्लीपासून वाच. बापाने दान दिलेल्या गाई कशा होत्या तेही वाच. पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. तुझ्या पहिल्या लेव्हलमध्ये त्या गाई धष्टपुष्ट दिसतात. पोराला बापाची लबाडी कशावरून कळली मग?

तीन चित्रांपैकी कुठलं, याचं उत्तर मी देणार नाही. उंबऱ्याची ती एक रात्र राखाडी ठोकळ्यांत बांध. संगीत नको, ढग नकोत, नचिकेताला चेहराही नको. ते बटण चाललं तर चित्रशैली आपोआप सुचेल, कारण तेव्हा तुला कळलेलं असेल की खेळणाऱ्याला काय दिसायला हवं आणि काय नको. नाही चाललं तर तिन्ही चित्रं भिंतीवर लाव, सुंदर आहेत ती.

पुढच्या वेळी पत्र पाठवू नकोस. बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, पाठव. आणि त्यात हेल्थ बार दिसला तर मी तो उघडणार नाही.

तुझा,
सर