बारीक माणसाला मधुमेह कसा होतो?

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२, गोड फारसं खात नाही, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज) मधुमेहाइतकं, ७.४ कसं, असं विचारलंत. अहो, चरबी नेमकी कुठे साठलीय ते वजनकाटा सांगत नाही. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. त्या पोटातल्या चरबीपायी यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, साखर रक्तातच राहते.

ती साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आत्ताच बघून घ्या, पुढे दरवर्षी. चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नसेल, तर पायाच्या नसा गेल्यात असं समजा. वजन आपोआप उतरत असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा, मधुमेहाचा प्रकार वेगळा असू शकतो.

आणि गुळाच्या चहाचं म्हणाल, तर गूळही साखरच.