२८ किलोची शेळी, २० मिनिटांचं काम: शिरेतून भूल कोणती?

डॉक्टर, तुमची २८ किलोची उस्मानाबादी, बेंबीचा हर्निया, वीसेक मिनिटांचं काम; आणि थायोपेंटोन, प्रोपोफॉल की केटामाइन-डायझेपाम, हा प्रश्न. गोठ्यावरच करणार असाल तर मी तिसरं घेईन.

डायझेपाम किलोला ०.२५ मिग्रॅ आणि केटामाइन ५ मिग्रॅ, सावकाश. तुमच्या शेळीला डायझेपाम जेमतेम दीड मिली, मिलीला ५० मिग्रॅवालं केटामाइन पावणेतीन. दहा-पंधरा मिनिटं हमखास मिळतात, लागलंच तर केटामाइन थोडं वाढवायचं. डोळे उघडे राहतात, गिळणं चालू असतं. मालक ‘अहो, जागीच आहे की!’ म्हणतो, त्याला आधीच सांगून ठेवा. टाक्यांच्या रेषेत लिग्नोकेन (जागा बधिर करणारं इंजेक्शन) हवंच, पण २ टक्क्यांचं ७ मिलीच्या आत. शेळीला ते लवकर बाधतं. मी निम्मं पातळ करून घालतो, पुरतं.

आधी झायलाझिन (गुंगीचं औषध) द्यायचं असेल तर किलोला ०.०५ मिग्रॅ. मिलीला २० मिग्रॅच्या बाटलीतून हे ०.०७ मिली होतं, म्हणून इन्सुलिनची सिरिंज घ्या. घाईत १०० मिग्रॅची बाटली हाती आली तर पाचपट डोस गेलाच म्हणून समजा. गाभण असेल, तर शेवटच्या दिवसांत नकोच.

प्रोपोफॉलवर शेळी उठते झकास. किलोला ४-५ मिग्रॅ, म्हणजे ११-१४ मिली. पण भरभर दिलं की श्वास थांबतो. घशात घालायची नळी आणि ऑक्सिजन जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. उरलेली वायल उद्यासाठी ठेवायची नाही, त्यात जंतू फार लवकर वाढतात.

थायोपेंटोन स्वस्त, पण माझा हात एकदा पोळलाय. नवीन असताना एका बोकडाची सुई शिरेबाहेर सरकली, दोनेक मिली कातडीखाली गेलं. आठवड्याभरात मानेची कातडी काळी पडून गळाली. तेव्हापासून कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक नळी) बसवून, आधी सलाईन सोडून बघितल्याशिवाय देत नाही. तसं झालंच तर तिथे लगेच भरपूर सलाईन टोचा. दुसरं म्हणजे, पुन्हा पुन्हा दिलं तर शेळी तासन् तास उठत नाही.

खरी भीती मला लाळेची आणि पोटफुगीची वाटते. चारा १२ ते १८ तास बंद ठेवा. उताणी टाकल्यावर मानेखाली पोतं गुंडाळून द्या, तोंड खाली राहिलं की लाळ बाहेर गळते. डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) अधूनमधून हाताने चाचपायची. ढोलासारखी वाजायला लागली तर पोटात नळी. काम झालं की लगेच छातीवर बसवा, ढेकर येईपर्यंत जवळून हलू नका.