इको झालाय, मग नळी टाकताना परत कशाला?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या धाकट्या बहिणीची (वय ३४) हृदयाची झडप आखडली आहे. ती ऊसतोडीला जाते. मोळी उचलली की दम लागायचा. आता संभाजीनगरला फुग्याने झडप उघडायचं ठरलंय. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे. तरी म्हणतात, आदल्या दिवशी अन्ननलिकेतून इको आणि नळी टाकताना पुन्हा छातीवरून. एकच तपासणी तीनदा कशाला?
— एक भाऊ, केज (जि. बीड)

उत्तर : पहिल्या इकोने झडप किती अरुंद झाली ते कळलं. निरोगी माणसात ती ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी खेटून जाते, म्हणून तिथून त्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गाठ आहे का ते नीट दिसतं. अशी गाठ सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. ही तपासणी टाळू नका.

आता तिसरी. फुग्याची नळी जांघेतल्या शिरेतून वर चढते ती हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि झडप आहे डावीकडे. मधल्या पडद्याला सुईने भोक पाडूनच पलीकडे जावं लागतं. एक्स-रेत सुई ठळक दिसते, पण तो पडदा दिसत नाही. त्याच्या पुढे महारोहिणी (अंगभर रक्त नेणारी मुख्य नळी), मागे हृदयाची बाहेरची भिंत. इकोत मात्र सुईचा रेटा बसलेला पडदा तंबूच्या शेंड्यासारखा ताणलेला दिसतो. जागा बरोबर आहे हे पाहूनच सुई पुढे सारतात.

मी शिकलो ते एक्स-रे, दाबाचा आलेख आणि हाताचा अंदाज यांवर. एकदा माझ्याच हातून सुई मागे गेली. विशीतली मुलगी होती. हृदयाभोवती रक्त साचून तिचं बीपी कोसळलं, तेव्हा इकोचं मशीन शेजारच्या खोलीतून ओढत आणलं. रक्त काढलं, मुलगी वाचली. तेव्हापासून मशीन टेबलाशी असल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

फुगाही एका दमात फुगवत नाहीत. थोडा फुगवायचा, इको पाहायचा, झडप गळायला तर लागली नाही ना? गळती वाढली तर तिथेच थांबायचं, नाहीतर झडप फाटते. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत काय काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा आजार बहुतेकदा लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजवणाऱ्या तापातून येतो. तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल, तर फुग्यानंतरही ते तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्यायचं. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघाली की नेमकं हेच चुकतं. तारखांचा कागद तिच्या पिशवीत ठेवा, मुकादमाच्याही कानावर घाला. आणि या हंगामाची उचल घेण्याआधी, तिने मोळी वाहावी की नाही, हे तिच्या डॉक्टरांना विचारा.